खंडेनवमीचं प्रायव्हेट नेटवर्क

पब्लिक नेटवर्क आणि प्रायव्हेट नेटवर्क यांत नेमका फरक काय, हे समजून घ्यायचं असेल तर कुठल्या क्लासला जाऊ नका. सरळ धायरीला या, शंभूशेठचा कारखाना विचारा आणि आत येऊन सरोजिनीबाईंना भेटा. सरोजिनीबाई म्हणजे मी! सत्तावीस वर्षं या कारखान्याचं ऑफिस मी एकटीने सांभाळलं आहे. इथे फॅक्स मी आणला. पहिला कॉम्प्युटर मी आणला, आणि त्याला धूळ लागू नये म्हणून टोपडंही मीच शिवलं. त्यामुळे नेटवर्क आलं तेव्हा तेही माझ्याच ताब्यात येणार, याबद्दल मला तरी शंका नव्हती.

आमच्याकडे पंपांचे सुटे भाग बनतात. पहिल्या पाळीत अकरा माणसं, दुसरीत सहा. गेलं वर्षभर काम कमी झालं होतं, आणि शंभूशेठनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावून हळूच सांगितलं, "सरोजिनीबाई, नवीन ऑर्डर मिळाली नाही तर दिवाळीनंतर दुसरी पाळी बंद करावी लागेल हो."

म्हणजे सहा माणसं घरी! त्या सहांतले चार आमच्या रंगरावांनी हाताला धरून शिकवलेले. रंगराव म्हणजे आमचे सगळ्यात जुने टर्नर. गुडघे कुरकुरतात, पण लेथवरच्या लोखंडाला नुसतं बोट लावून ते मापापेक्षा किती जास्त आहे हे सांगतात, आणि नंतर मोजलं की तेवढंच भरतं.

आणि तेवढ्यात वडोदऱ्याच्या एका मोठ्या पंप कंपनीचं पत्र आलं. तीन वर्षांचं काम! अट एकच. त्यांची ड्रॉइंगं ई-मेलवरून फिरायला नकोत, मोबाईलवरून तर नकोतच. ती फक्त प्रायव्हेट नेटवर्कवरून येतील, त्यासाठी आम्ही नेटवर्क उभं करायचं, आणि त्यांची माणसं ते तपासणार. तपासणीत पास झालो तर ऑर्डर.

"हे आपल्याला जमेल का?" शंभूशेठनी विचारलं.

"शेठ, तुम्ही निवांत राहा," मी म्हणाले. "हा विषय माझ्यावर सोडा!"

मी सगळ्यात आधी बुद्धभूषणला बोलावलं. तो नेटवर्क इंजिनिअर, मूळचा अमरावतीकडचा, आता धायरीतच राहतो. वय तिशीचं, पण बोलणं एकदम मुरलेलं. आठ दिवसांत त्याने आमच्या ऑफिसच्या कपाटात एक काळा डबा बसवला. ड्रॉइंगं त्या डब्यात राहणार, मशिनं त्यातूनच ती उचलणार, आणि वडोदऱ्याहून त्या डब्यापर्यंत एक बंद वाट. डब्याला नऊ निळ्या वायरी, आणि कुठली वायर कुठली हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या टोकाला एक चिठ्ठी.

"मॅडम, पब्लिक म्हणजे वाईट अन् प्रायव्हेट म्हणजे चांगलं असं काही नसते," तो मला समजावत होता. "पब्लिक स्वस्त पडते, कुठूनही चालते. प्रायव्हेट महाग पडते, पण आत कोण येते हे आपल्या हातात राहते. धंद्याला दोन्ही लागतात."

"म्हणजे चौकातला नळ आणि घरातला नळ!"

"तसंच समजा."

"मग घरात नळ असताना चौकात हंडा घेऊन कोण जाईल?"

"घरचं पाणी गेलं की सारेच जातात, मॅडम."

बोलायला चांगला आहे मुलगा, पण त्याला प्रतिष्ठा म्हणजे काय ते कळत नाही. मी त्याच रात्री... नाही, रात्री नाही, रात्री मी नऊलाच झोपते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक तक्ता तयार केला. डावीकडे पब्लिक, उजवीकडे प्रायव्हेट, आणि खाली सतरा मुद्दे! पब्लिक : कोणीही येतं. प्रायव्हेट : विचारून येतं. पब्लिक : वेग गर्दीवर अवलंबून. प्रायव्हेट : गर्दीच नाही. पब्लिकचं उदाहरण म्हणून मी समोरच्या मालनबाईंच्या मिसळीच्या दुकानाचं वायफाय दिलं. तिथे भिंतीवर लिहूनच ठेवलंय, गिऱ्हाइकांना वायफाय मोफत. मुद्दा अकरा : "असल्या ठिकाणी बसून धंद्याची गोष्ट बोलणे म्हणजे चौकात उभे राहून घराची किल्ली दाखवणे." हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा वाचलं. तक्ता काचेच्या चौकटीत बसवून ऑफिसात लावला.

मग मी कामाला लागले. एवढं उत्तम प्रायव्हेट नेटवर्क आणि त्यावर नुसती ड्रॉइंगं? मी प्रिंटर त्यावर घेतला. हजेरीचं बोट लावायचं यंत्र घेतलं. गेटचा कॅमेरा घेतला. शंभूशेठच्या केबिनची घंटासुद्धा घेतली!

"मॅडम, घंटा काहून टाकता त्याच्यात?" बुद्धभूषणने कपाळाला हात लावला.

"मालकाची घंटा पब्लिकवर वाजलेली बरी दिसते का?"

ऑफिसचं जुनं वायफाय होतं, तेही मी माझ्या हाताने कायमचं बंद केलं. आता कारखान्यातून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट त्या एका काळ्या डब्यातून जात होती. मला तर कपाटाजवळून जाताना पदर सावरावासा वाटायचा!

सगळ्या कामगारांना जमवून मी एक छोटं भाषणही केलं. छोटं म्हणजे चाळीस मिनिटं.

"आजपासून या कारखान्यातलं सगळ्यात मोठं हत्यार कोणतं? लेथ नाही. ड्रिल नाही. हा डबा! आपली सहा माणसं राहणार की जाणार, हे या डब्यावर आहे."

रंगरावांनी पुढे येऊन डबा निरखून पाहिला. "ह्यो काय कापतो?"

"कापत नाही, रंगराव. राखतो."

"असं व्हय," ते म्हणाले, आणि त्यांनी डब्याला चक्क नमस्कार केला. माझा ऊर भरून आला. म्हटलं, माणसाला विषय समजावून सांगता आला पाहिजे, मग टर्नरलाही नेटवर्क कळतं!

चार दिवसांनी वडोदऱ्याहून फोन आला. तपासणी करणाऱ्या अधिकारी होत्या प्रियदर्शनीताई. तिकडच्याच, पण मराठी अगदी स्वच्छ आणि गोड. त्यांनी तारीख सांगितली, वेळ सकाळी अकरा, व्हिडिओवर. "सविस्तर मेल पाठवते," म्हणाल्या. "तुम्हाला चालेल ना?"

"अहो, कधीही या!" मी म्हणाले. "आमचं नेटवर्क चोवीस तास जागं असतं!"

फोन ठेवून दिनदर्शिका पाहिली, तर त्या दिवशी खंडेनवमी!

आता खंडेनवमी म्हणजे आमच्या कारखान्यातला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मशिनं धुवायची, हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूचे हार, पेढे. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. शंभूशेठच्या वडिलांनी घालून दिलेला रिवाज. वडोदऱ्याच्या ऑफिसला नवमीची सुट्टी नसते, त्यांना काय माहीत! पण चोवीस तास जागं असतं म्हटल्यावर आता तारीख बदला म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार? मी विचार केला, मशिनं पूजेला असतील ती शेडमध्ये. तपासणी ऑफिसात. दोन्ही छान होईल. उलट सणाचा दिवस, शुभच आहे!

बुद्धभूषणला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, दसऱ्याला आमचं सारं घर दीक्षाभूमीवर असते. मी नवमीलाच नागपूरला पोहोचतो. तिथं लाखो लोक, फोन लागेलच असं नाही. पण सारं लावून ठेवलं आहे. तुम्ही फक्त डब्याला हात लावू नका."

"मी? हात? अरे, मी त्याच्यावर फडकंसुद्धा मारत नाही!"

आणि हे मी आजही छातीठोकपणे सांगते. मी हात लावला नाही.

मी फक्त पूजेची सूचना काढली. दरवर्षी मीच काढते. यंदा तिच्यात खाली एक ओळ घातली : "या वर्षी पूजेचा पहिला मान आपल्या प्रायव्हेट नेटवर्कला." माझ्या डोक्यात काय होतं, तर कपाटाच्या दाराला एक हार घालायचा आणि दोन उदबत्त्या ओवाळायच्या. बस्स! पण हे मी सूचनेत लिहिलं नाही. एवढं काय लिहायचं, असं वाटलं.

खंडेनवमीला मी मोरपंखी साडी नेसून नऊ वाजता हजर झाले. गेटवर रांगोळी, लेथला आंब्याचे डहाळे, झेंडूचे ढीग. मी मोबाईलवर एकेक गोष्टीचे व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवत सुटले. माझी नणंद नंदा इचलकरंजीला असते, तिच्या घरात तीन यंत्रमाग आहेत म्हणून ती फार मिरवते. तिला एकटीलाच नऊ पाठवले. एकूण सव्वीस! दहा वाजता मोबाईलने कळवलं की माझा आजचा डेटा संपलेला आहे. म्हटलं, संपू दे. आपल्याकडे प्रायव्हेट नेटवर्क आहे!

पावणेअकराला मी ऑफिसात जाऊन, खुर्चीवर बसून, कुंकू नीट करून कॉम्प्युटर लावला. नेटवर्क नाही.

प्रिंटर बघितला. नाही. कॅमेरा? काळा. शंभूशेठच्या घंटेचं बटण दाबलं, तीही मुकी! मी जाऊन कपाट उघडलं.

कपाट रिकामं होतं. नऊ निळ्या वायरी दोडक्याच्या वेलासारख्या नुसत्या लोंबत होत्या.

मी साडी वर धरून शेडकडे पळाले. तिथे पूजा नुकतीच आटोपली होती. लाल कापड घातलेला मोठा पाट. कडेला नट आवळायचे पाने, हातोडे, मापाचे व्हर्निअर, ओळीत मांडलेले कामगारांचे अकरा मोबाईल, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. आणि मधोमध, झेंडूच्या हारात गळ्यापर्यंत बुडालेला, डोक्यावर नारळ घेतलेला आमचा डबा!

"रंगराव!" मी किंचाळले. "हा इथे कसा आला?"

"मीच आणला की, सकाळी सातला," रंगराव अभिमानाने म्हणाले. "पयला मान ह्येचा, तुमीच लिवलं हुतं."

"अहो, पण वायरी?"

"वायरीसकट पाटावर कसा मावंल? काढल्या."

"आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या?"

"कसल्या चिकट चिठ्ठ्या हुत्या त्या! वायरी न् डबा, समदं डिझेल लावून सोच्च केलं. बगा कसा चकाकतोय!"

खरंच चकाकत होता हो! विकत आणला तेव्हासुद्धा एवढा चकाकत नव्हता.

"तो आत्ताच्या आत्ता कपाटात ठेवा आणि वायरी जोडा!" मी पुढे झाले. अकराच्या अकरा माणसं एकदम डब्याच्या आणि माझ्या मधे आली.

"बाई, पूजा झाली," रंगराव शांतपणे म्हणाले. "आता उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर हात न्हाई लावायचा."

"शेठ! तुम्ही तरी सांगा!"

शंभूशेठ छताच्या पत्र्याकडे बघत म्हणाले, "वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय हो. त्यात हे सगळ्यात मोठं हत्यार. तुम्हीच तर म्हणालात."

"आणि ऑर्डर? ती दुसऱ्या पाळीची सहा माणसं?"

हे ऐकल्यावर मात्र रंगरावांचा चेहरा पडला. ते खाली बघून म्हणाले, "माझीच पोरं हायती ती, बाई. त्यांच्यासाठीच तर डबा मधोमध ठिवला."

मी मोबाईल काढला. डेटा नसला तरी साधा फोन लागतो. चौथ्या वेळी बुद्धभूषण लागला. मागे समुद्र असल्यासारखा माणसांचा आवाज!

"बुद्धभूषण, डबा बंद आहे!"

"हिरवा लाइट लागून आहे का?"

"समोर निरांजन लागलंय!"

"काय?"

"तो पाटावर आहे! डोक्यावर नारळ आहे!"

नागपूरहून तो कोणाला तरी बाजूला व्हा म्हणाला. मग अगदी बारीक आवाजात, "वायरी?"

"काढल्या."

"लेबलं?"

"डिझेलने पुसली."

"मॅडम, खरं सांगा. त्याच्यावर पाणी तर नाही ना शिंपडलं?"

मी रंगरावांकडे पाहिलं. "फुलानं, जरासंच," रंगराव म्हणाले.

फोन बंद झाला. तो आपोआप बंद झाला की बुद्धभूषणने केला, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही.

अकराला चार मिनिटं कमी. माझ्या मोबाईलवर डेटा नाही. बाकीचे अकरा मोबाईल पाटावर, त्यांनाही उद्यापर्यंत हात नाही. शंभूशेठकडे बटणांचा फोन. डोळ्यांसमोर ते सहाजण उभे राहिले. आणि मग मी ते केलं, जे करू नये असं मी स्वतःच काचेच्या चौकटीत लिहून ठेवलं होतं. रस्ता ओलांडून मालनबाईंच्या दुकानात शिरले!

सणाचा दिवस, दुकान गच्च भरलेलं. एका कोपऱ्यात जागा मिळाली.

"काय देऊ?" मालनबाईंनी विचारलं.

"वायफाय."

"त्ये मिसळीबरूबर मिळतं."

"मग मिसळ द्या! पण आधी पासवर्ड!"

"मिसळ एक दोन तीन!" त्या अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडल्या.

अकराच्या ठोक्याला पडद्यावर प्रियदर्शनीताई आल्या. चष्मा, समोर कागद, चेहरा हसरा. मी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि पाठ ताठ केली.

"नमस्कार सरोजिनीताई. सुरू करू या? पहिला प्रश्न. तुमचे कर्मचारी कंपनीच्या कामासाठी पब्लिक वायफाय वापरतात का?"

"छे छे! नावसुद्धा काढू नका!"

"मावशे, तर्री वाढ की जरा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"हे कोण बोललं?"

"आमचा... उत्पादन विभाग."

"असं का. मग पब्लिक नेटवर्कचा धोका नेमका काय, हे तुमच्या शब्दांत सांगाल?"

हे तर माझ्या हातचंच होतं! मी तक्ता डोळ्यांसमोर आणला आणि सुटले. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, चौकातला नळ, घरातला नळ. पाचव्या मुद्द्याला शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी पाव खाली ठेवला.

"अहो बाई, नळाचं उदाहरण चुकीचं आहे," ते म्हणाले. "मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली. नळात पाणी एकाच दिशेने येतं. इथे दोन्हीकडून वाहतं."

"आपल्याला कोणी विचारलंय का?"

"विचारलं नाही म्हणून चुकीचं ऐकून घ्यायचं का?"

"काकू, बरोबर आहे त्यांचं," पलीकडची कॉलेजची मुलगी म्हणाली. "आणि मेन म्हणजे तुम्ही आत्ता ओपन वायफायवर आहात. हे खूप रिस्की असतं!"

पडद्यावर आता माझ्याशिवाय टेलिफोन खातं, कॉलेज आणि मिसळीची प्लेट घेऊन आलेला मालनबाईंचा हात, असे सगळेच दिसत होते. मुद्दा अकरा तेवढा माझ्या घशात अडकला.

प्रियदर्शनीताईंनी पेन खाली ठेवलं. "सरोजिनीताई, आत्ता तुम्ही नक्की कुठे आहात?"

खोटं बोलायला माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. कँटीन, असं म्हणता आलं असतं. पण दुकानाच्या दारातून समोर आमचं गेट दिसत होतं, आणि गेटवर रंगराव उभे होते. हात जोडून! माझ्याकडे बघून! त्यांना वाटत होतं बाई सगळं सावरून घेतील. मला एकदम गलबलून आलं. सत्तावीस वर्षांत मी या कारखान्याबद्दल एकही खोटं बोलले नाही, आणि आता मिसळीसमोर बसून बोलणार?

"मिसळीच्या दुकानात आहे," मी म्हणाले. "पब्लिक वायफायवर. आमचं प्रायव्हेट नेटवर्क आज पूजेला बसवलं आहे."

"म्हणजे?"

"थांबा, दाखवते."

मी मोबाईल घेऊन रस्ता ओलांडला. मालनबाईंचं वायफाय आमच्या गेटपर्यंत पोहोचतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मागून मालनबाई "मिसळ निवंल!" म्हणत प्लेट घेऊन आल्या, टेलिफोन खातंही आलं. मी गेटातून मोबाईल शेडकडे धरला आणि सगळं सांगितलं. भाषण, सूचना, सात वाजता काढलेला डबा, डिझेल, उत्तरपूजा. काही लपवलं नाही. "चूक सगळी माझी आहे," मी म्हणाले. "या माणसांची नाही. ही माणसं सोन्यासारखी आहेत. ऑर्डर द्या किंवा देऊ नका, पण डब्याची पूजा केली म्हणून त्यांना हसू नका!"

बोलून झाल्यावर माझं मलाच रडू आलं. मालनबाईंनी मला प्लेटमधला पाव दिला. मी तो खाल्लासुद्धा.

पडद्यावर प्रियदर्शनीताई गंभीर होत्या. "तुमच्या त्या रंगरावांनी तुम्हाला डब्याला हात लावू दिला नाही?"

"नाही."

"आणि मालकांना?"

"मालकांची हिंमतच झाली नाही."

त्यांनी बाजूला वळून कोणाला तरी काहीतरी विचारलं. मग त्या हसायला लागल्या. अशा हसायला लागल्या की चष्मा काढावा लागला.

"ताई, तुम्ही मेल नीट वाचली नाहीत. अकरा ही तुमच्याशी बोलायची वेळ होती. तपासणी आठपासूनच सुरू आहे. आमची दोन माणसं बाहेरून तुमच्या नेटवर्कमध्ये घुसायचा प्रयत्न करतायत. तीन तास झाले, त्यांना आत जायला फटसुद्धा सापडलेली नाही. आत्तापर्यंत त्यांना वाटत होतं, धायरीत कोणीतरी फार मोठा तज्ज्ञ बसलाय!"

"आहेच!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हे धरता येणार नाही हो, बंद डब्यात कोण घुसणार! पण एक सांगते. मी बरेच कारखाने तपासले. सगळीकडे डबा धुळीत पडलेला असतो आणि कोणीही येऊन त्याला हात लावतो. मालकालाही अडवणारी माणसं मी आज पहिल्यांदा पाहिली. उद्या उत्तरपूजा करा, डबा जोडा. सोमवारी आम्ही पुन्हा तपासू."

रंगरावांनी मोबाईलकडे बघून नमस्कार केला. टेलिफोन खात्याने टाळ्या वाजवल्या.

बुद्धभूषण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरहून थेट कारखान्यात आला. आल्यावर त्याने नऊ निळ्या वायरी हातात घेतल्या. मग साडेचार तास खपून त्याने एकेक वायर शोधून जोडली. डब्यावरचं कुंकू मात्र त्याने पुसलं नाही. "राहू द्या, शोभून दिसते," म्हणाला. सोमवारी डबा चालू असताना वडोदऱ्याच्या त्या दोघांनी दिवसभर धडका मारल्या, आणि आत येता आलं नाही! संध्याकाळी ड्रॉइंग बंद वाटेने आलं, रंगरावांनी नमुन्याचा भाग काढला, आणि तो केसाचाही फरक न होता बरोबर निघाला. त्या दिवशी मी आमच्या शेडमध्ये उभी होते आणि मला वाटलं, अख्ख्या पुण्यात असा कारखाना नाही. आजही तसंच वाटतं.

तीन आठवड्यांनी ऑर्डरचं पत्र आलं. शंभूशेठनी दोन्ही पाळ्यांना एकत्र बोलावून ते मोठ्याने वाचलं. तीन वर्षांचं काम! दुसरी पाळी राहिली! सहाही जणांनी रंगरावांचे पाय धरले, आणि रंगराव हातातल्या मळक्या फडक्याने डोळे पुसता पुसता तोंड काळं करून बसले. शंभूशेठ म्हणाले, "आता अटी वाचतो." पहिली अट मालाच्या दर्जाची, दुसरी वेळेची, तिसरी वाहतुकीची. चौथी नेटवर्कबद्दल. मी पदर सारखा केला आणि एक पाऊल पुढे आले. नाव येणार हे मला माहीतच होतं!

आलं. "प्रायव्हेट नेटवर्कचे सर्व अधिकार फक्त श्री. बुद्धभूषण यांच्याकडे राहतील. श्रीमती सरोजिनी यांना त्यावर कोणत्याही कारणाने प्रवेश देण्यात येऊ नये."

कोणी हसलं नाही. सोन्यासारखी माणसं आहेत, म्हटलं ना! रंगराव तेवढे खोकले.

दुसऱ्या दिवशी बुद्धभूषणने पाहुण्यांसाठी म्हणून एक वेगळं पब्लिक नेटवर्क सुरू केलं, आणि माझा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि शंभूशेठची घंटा त्याच्यावर टाकली. मला वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण आता दोन महिने झाले, आमच्याकडे पाहुणा म्हणून एकही माणूस आलेला नाही. त्या नेटवर्कवर मी एकटीच असते, आणि पासवर्डही मी कोणाला सांगितलेला नाही. आता याला प्रायव्हेट म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!